घर आणि बालवाडी: या चुका टाळा (पालकांनीही आणि आम्ही ताईंनीही)

मी गेली सोळा वर्षं बालवाडीत शिकवतेय, आधी वस्तीतल्या बालवाडीत होते आणि आता शाळेच्या शिशुवर्गात आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, तीन-चार वर्षांच्या मुलाचं जे काही बिघडतं ना त्यातलं बरंचसं कोणीतरी कोणालातरी काहीतरी सांगितलेलं नसतं म्हणून बिघडतं. घरच्यांनी ताईला सांगितलेलं नसतं, नाहीतर ताईने घरच्यांना. मूल बिचारं स्वतः सांगू शकत नाही, ते रडतं, चावतं, चड्डीत करतं, डबा तसाच परत नेतं.

नजर चुकवून सटकणं

जूनच्या पहिल्या आठवड्यात हमखास होणारी चूक. मूल खेळण्यात रमलं की ताईच खुणेने सांगते, जा जा आता, आणि आई मागच्या मागे निघून जाते. मीही वर्षानुवर्षं हेच सांगायचे. मग एकदा एक तीन वर्षांचा मुलगा, ठोकळे रचत होता, वळून बघतो तर आई नाही. रडला तसा थोडाच, पण त्यानंतर कितीतरी दिवस तो खेळायलाच बसेना, हातात चप्पल घेऊन जाळीच्या दाराशी उभा. खेळायला बसलं की आई जाते हे त्याने मनात पक्कं धरलं होतं, आणि हे माझ्या लक्षात यायलाच आठवडा गेला.

सांगूनच जा, रडलं तरी. निरोप छोटा आणि रोज तोच ठेवा. आणि घड्याळातली वेळ सांगू नका, साडेबारा म्हणजे काय हे त्याला कळत नाही, 'डबा खाऊन झाला, गाणी झाली की आजी येणार' हे बरोबर कळतं. मग मात्र आजी त्याच वेळी आली पाहिजे हं, उशीर होत असेल तर ताईंना फोन करा म्हणजे ताई मुलाला तसं सांगू शकतात. आणि एकदा सटकून झालंच असेल तर दोन-चार दिवस आईने किंवा बाबांनी आत बसायचं, मग 'मी बाहेर पायरीवर बसतेय, गाणं झालं की आत येते' असं सांगून बाहेर जायचं आणि खरंच परत आत यायचं. यात वेळ जातो हे मान्य आहे, कामावर जाणाऱ्यांना ते जड जातं, पण तुटलेला भरवसा असाच परत येतो, दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

'थांब, ताईंनाच सांगते'

घरी जेवत नाही, मोबाईल सोडत नाही, की लगेच ताईंचं नाव. मग सकाळी तेच मूल माझ्याकडे यायला का कू करतं आणि आई म्हणते कळतच नाही हो याला काय झालंय. आम्हीही काही कमी नाही, वर्गात ऐकलं नाही की 'येऊ देत तुझ्या आईला'. म्हणजे घरी ताईची भीती आणि बालवाडीत आईची, मग त्या पोराने जायचं कुठे? प्लीज हे वाक्य दोन्हीकडून बंद करा.

दारातच तक्रार

ही चूक पूर्णपणे माझी. एक मुलगी वर्षभर छान होती, आणि अचानक रोज अकराच्या सुमाराला चड्डी ओली. मी सुट्टीच्या वेळी, गेटवर, सगळ्यांसमोर तिच्या आईला म्हटलं, 'सवय बिघडलीय हिची, जरा लक्ष द्या घरी.' आईने तिथेच तिच्या पाठीत धपाटा घातला. पुढे दोन आठवडे तेच चालू. मग एक दिवस आत्या सोडायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की ते नवीन खोलीत राहायला गेलेत, संडास बाहेर, चाळीच्या टोकाला, तिथला दिवा गेलेला, पोरीला भीती वाटते म्हणून ती धरूनच ठेवते. रात्रभर धरलेलं, सकाळी घाईत तसंच आणलेलं, अकरा वाजता सुटायचंच ना ते! मग घरी मोरीत सोय केली आणि मी ती आल्या आल्या आधी बाथरूमला न्यायला लागले, आठवड्यात थांबलं.

मी 'लक्ष द्या' म्हणण्याऐवजी 'घरी काही बदललंय का हो?' एवढं विचारलं असतं तर तो धपाटा बसला नसता. आणि पालकांनो, घर बदललं, बाळ होणार आहे, बाबा बाहेरगावी कामाला गेले, आजोबा वारले आणि मुलाला 'गावाला गेलेत' असं सांगितलंय, हे ताईंना एका वाक्यात सांगून ठेवा. घरातलं सगळं उघडं करा असं नाही म्हणत.

चावणं, मारणं याचंही तेच. दोन-तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा शब्द कमी पडतात म्हणून चावतं. ते मुलासमोर, दुसऱ्या पालकांसमोर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर मुळीच बोलायचं नाही. बाजूला घेऊन किंवा फोनवर.

'वहीत काहीच नाही?'

हे दर महिन्याला ऐकते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि पहिलीचं वय सहा पूर्ण. तरी साडेतीन वर्षांच्या मुलाने एबीसीडी लिहावी अशी अपेक्षा असते, आणि काही ठिकाणी ताया मुलाचा हात धरून वही भरून देतात कारण पालक वही बघतात. बोटांत जोरच आलेला नसतो अजून. घरी मटार सोलायला द्या, कणकेचा गोळा द्या, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावू द्या, पेन्सिल धरायची तयारी यातूनच होते. आणि तायांनो, हे पालकांना आपण सांगितलं नाही तर त्यांना कसं कळणार? मी आता दारावर रोज दोन ओळी लिहिते, आज काय केलं आणि कशासाठी केलं, त्याने 'वहीत काय' हा प्रश्न निम्मा कमी झालाय.

'घरीही शाळेचीच भाषा बोला'

घरी अहिराणी, वारली, तेलुगू काहीही असू दे, ती बंद करायला सांगू नका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघरकडच्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे काम केलं ते आठवा, मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथलाच. भाषेचंही तसंच, आपणच मुलापर्यंत जायचं. मी आईकडून पहिल्याच दिवशी त्यांच्या भाषेतले आठ-दहा शब्द लिहून घेते, पाणी, भूक, शू, दुखतंय, आई कधी येणार. दुखतंय हा शब्द आपल्याला कळला की मूल निम्मं शांत होतं.

'याचा बाबा पण उशिराच बोलला'

इथे मात्र थांबू नका. दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडून बोलतं, 'पाणी दे', 'बाबा आले' वगैरे. तसं होत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. तायांनी शंका असेल तर 'तुमच्या मुलात प्रॉब्लेम आहे' असं म्हणायचं नाही, जे दिसलं ते सांगायचं, 'मागून हाक मारली तर बघत नाही, घरी बघतो का?'

मीटिंग सकाळी अकराला

अकराला फक्त मुलांच्या आया येतात, त्याही ज्यांना रजा घेणं किंवा रोजी बुडवणं परवडतं त्याच. आम्ही एकदा संध्याकाळी सातला ठेवली आणि पहिल्यांदाच पाच-सहा बाबा आले, दोन आजोबा आले. त्यातले एक रिक्षा चालवणारे बाबा, कोपऱ्यात बसलेले, शेवटी हळूच म्हणाले, 'ताई, आमची पोरगी रोज घरी बालवाडी-बालवाडी खेळते. ती ताई होते आणि आम्हाला सारखं म्हणते, हाताची घडी, तोंडावर बोट. गाणी कधी घेतच नाही.' दुसऱ्या दिवसापासून मी सकाळची सुरुवात गाण्याने करायला लागले, आणि महिन्याने त्यांना गेटवर विचारलं, आता काय खेळते? म्हणाले, आता आम्हाला गोलात उभं करते.