धालोचा व्हिडिओ काढायचाय? आधी हे वाचा

पौषात गोव्यातल्या गावात गेलात आणि रात्री मांडावर बायका दोन ओळी करून धालो, म्हणजे गाणी म्हणत त्यांचा पारंपरिक नाच, खेळतायत, तर लगेच मोबाइल बाहेर काढू नका. मांड म्हणजे स्टेज नाही, देवाची जागा आहे ती, चप्पल बाहेरच ठेवा. आधी तिथल्या जाणत्या बाईला विचारा, आणि नुसतं 'काढू का' असं नाही, कुठे टाकणार, त्यातून पैसे मिळणार का हेपण सांगा. एकीने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांचं हो झालं असं नाही, खरी गोची इथेच आहे, कारण गाणं कुणा एकीचं नाहीच. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखक शोधतो, तो गेल्यावर ६० वर्षं मोजतो, आता धालोगीताचा लेखक कुठून आणणार? म्हणजे कायद्याने गाणं कुणीही घ्यावं, पण म्हणून ते आपलं झालं का? मला नाही वाटत.

गाण्यासारखंच नक्षीचं. टी-शर्टवर गोव्यातल्या कुणबी साडीची चौकड छापली तर मला तेवढं खटकत नाही, फक्त विणणाऱ्याचं नाव आणि पैसे द्या. पण सातेरी देवीचं वारूळ, ज्याची देवी म्हणून पूजा होते, ते पायपुसण्यावर नको हो!

आणि बायका नाही म्हणाल्या तर मोबाइल खिशात, गुपचूप बसून ऐका. थंडी असते, शाल न्या.