ईईजीवरून मेंदूवरचा कामाचा भार कसा मोजावा

ईईजी म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूतल्या विजेच्या तरंगांची घेतलेली नोंद. अशा एकाच नोंदीवरून 'हा माणूस एकाग्र आहे' असं सांगता येत नाही. कवटीची जाडी आणि इलेक्ट्रोडचा संपर्क यांमुळे तरंगांची ताकद माणसागणिक बदलते. म्हणून तुलना करायची ती त्याच माणसाच्या, त्याच बैठकीतल्या दोन अवस्थांची.

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फितीने अंतर मोजा. पुढून ३० टक्क्यांवर एफझेड (डोक्याच्या पुढच्या भागातला इलेक्ट्रोड), ७० टक्क्यांवर पीझेड (मागच्या भागातला). संदर्भाचे इलेक्ट्रोड (ज्यांच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात) कानांमागच्या हाडांवर, ग्राउंड कपाळावर आणि एक जास्तीचा इलेक्ट्रोड डोळ्याच्या वर, पापण्यांची उघडझाप टिपायला. जेल लावण्याआधी त्वचा नीट घासून घ्या. साधे इलेक्ट्रोड असतील तर इम्पिडन्स (त्वचेवर विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली यायला हवा. सॅम्पलिंग २५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २५० मोजमापं, पुरे.

आधी दोन मिनिटं डोळे उघडे, दोन मिनिटं मिटलेले अशी नोंद घ्या. डोळे मिटल्यावर पीझेडवर अल्फा तरंग (८ ते १२ हर्ट्झ) वाढायला हवा. माणसाचा ईईजी प्रथम नोंदवणाऱ्या हान्स बर्गर यांनी १९२९ साली मांडलेली ही गोष्ट आजही सर्वांत सोपी चाचणी आहे. काहींचा अल्फा मुळातच क्षीण असतो, तरी तो दिसला नाही तर आधी जोडणी तपासा.

मग एन-बॅक ही स्मरणाची कसोटी: एकामागून एक दिसणाऱ्या अक्षरांतलं आताचं अक्षर ठरावीक घरं आधीच्या अक्षराशी जुळतं का, ते सांगायचं. एक-बॅक (एक घर आधीचं, सोपी) आणि तीन-बॅकच्या (तीन घरं आधीचं, अवघड) फेऱ्या आलटूनपालटून द्या. अवघड फेरी कायम शेवटी ठेवली तर भार आणि थकवा वेगळे काढता येत नाहीत. भार वाढला की सहसा एफझेडवर थीटा तरंग (४ ते ८ हर्ट्झ) चढतो आणि पीझेडवर अल्फा उतरतो.

नोंदीला १ ते ४० हर्ट्झचा फिल्टर लावा. पापणीची लाट १०० मायक्रोव्होल्टच्या वर सहज जाते आणि थीटात मिसळते. डोळ्याच्या चॅनलवरून (इलेक्ट्रोडच्या नोंदीवरून) रिग्रेशनने, म्हणजे तिचा बाकीच्या नोंदींत किती वाटा आहे ते गणिताने काढून, ती वजा करा. चार-पाच इलेक्ट्रोडवर आयसीए (मिसळलेले संकेत वेगळे काढण्याची गणिती पद्धत) वापरण्यात अर्थ नाही, त्याला बरेच चॅनल लागतात. उरलेल्या नोंदीचे दोन सेकंदांचे तुकडे पाडा, ±१०० मायक्रोव्होल्ट ओलांडणारे टाकून द्या, वेल्च पद्धतीने (तुकड्यांच्या वर्णपटांची सरासरी घेऊन) प्रत्येक पट्ट्यातली पॉवर, म्हणजे तरंगांची ताकद, काढा आणि लॉगरिदम घेऊनच फेऱ्यांची तुलना करा.

बीटावर (अल्फाहून वेगवान तरंगांवर) विसंबू नका. जबडा जरा आवळला तरी स्नायूंचा संकेत त्यात शिरतो आणि एकाग्रता वाढल्याचा भास होतो. थीटाही फसवतो, कारण तो डुलकी येतानाही वाढतो. म्हणून प्रतिसादाचा वेळ आणि चुका सोबत नोंदवायलाच हव्यात. तीन-बॅकमध्ये उत्तरं निव्वळ अंदाजाने दिल्यासारखी दिसली, तर त्या व्यक्तीने बहुधा प्रयत्नच सोडला आहे. ती फेरी वगळून दोन-बॅक द्या.