सासरचा पहिला नाताळ? केक नेऊ नका

जोडीदाराचं घर गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबाचं असेल, तर नाताळला केक-मिठाई नेण्याचा मोह आवरा. नेवऱ्या, कुलकुलं अशा नाताळच्या फराळाचे डबे तिथे आधीच काठोकाठ भरलेले असतात. गोव्यात दोदोल-बेबिंकसारखे गोड पदार्थ वेगळेच. त्यापेक्षा सोलापुरी चादर किंवा हातमागाचा टेबलक्लॉथ न्या. सगळ्या घराच्या उपयोगी पडतं, मापाची भानगड नाही. आजी असेल तर तिच्यासाठी वेगळं छोटंसं काहीतरी हवंच. तिचं मत घरात चालतं! क्रूस, मूर्ती वगैरे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. २४ तारखेला संध्याकाळी मध्यरात्रीच्या मिसाची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची धांदल असते, म्हणून भेट २५ला जेवणाआधी निवांत द्या. किमतीचं लेबल तेवढं आधी काढा.