कोडनेम्स ऑनलाइन खेळताय? मग या चुका टाळा

कोडनेम्स हा दोन टीमचा शब्द ओळखायचा गेम आहे: कुठला शब्द कुणाचा हे फक्त प्रत्येक टीमच्या स्पायमास्टरला दिसतं, तो एका शब्दाचा क्लू आणि तो किती शब्दांना लागू आहे तो आकडा देतो, बाकीचे त्यावरून आपल्या टीमचे शब्द ओळखतात. 2015 ला आला तेव्हा तो टेबलाभोवती बसून खेळायचा गेम होता, ऑनलाइनही नियम तेच आहेत, पण एकमेकांचे चेहरे आणि हात दिसत नाहीत आणि बरीचशी गडबड तिथूनच सुरू होते.

तरी सगळ्यात महागात पडणारी चूक क्लू देणाऱ्याचीच असते. समोर 25 शब्द, सुरुवात करणाऱ्या टीमचे 9, दुसऱ्या टीमचे 8, 7 कुणाचेच नाहीत आणि 1 काळं कार्ड, ते उघडलं की गेम तिथेच संपला, उघडणारी टीम हरली. असं असूनही बरेच स्पायमास्टर आधी आपले शब्द जोडत बसतात आणि काळ्याकडे बघायचं राहूनच जातं. समजा तुमचे शब्द आहेत बर्फ, पंखा, डोंगर, तुम्ही खुशीत ‘गार 3’ टाकलं आणि काळं कार्ड निघालं चंद्र. आता कुणाला तरी शीतल चांदणं आठवणारच ना, त्यात त्यांची काय चूक? म्हणून आधी काळं बघा, मग समोरच्यांचे शब्द, मग आपले. इथे ‘शिखर 2’ दिलं असतं तर बर्फ आणि डोंगर आरामात मिळाले असते, पंखा पुढच्या टर्नला. फक्त बोर्डवर दिसणाऱ्या शब्दाचंच रूप क्लू म्हणून चालत नाही, बर्फ समोर असताना ‘बर्फाळ’ देऊ नका.

आकड्याचाही घोळ होतो. क्लू 2 चा असेल तर टीमला 3 अंदाज मिळतात, तो जास्तीचा एक मागच्या क्लूमधला राहिलेला शब्द उचलायला खूप कामाचा आहे. पण नवीन लोक मिळतोय तर वापरू म्हणून काहीतरी दाबतात आणि समोरच्यांना आयता शब्द देतात. डोक्यात काही नसेल तर सरळ टर्न संपवा.

स्पायमास्टर असाल तर क्लू टाकला की माइक म्यूट करा आणि कॅमेराही बंद ठेवा, कारण तुमचं ‘अरेरे’ किंवा नुसतं हसूसुद्धा क्लूच असतो.

टीमवाल्यांनो, तुम्ही मात्र बोला! गप्प बसून जो तो आपापलं कार्ड दाबायला लागला तर या गेममध्ये मजा ती काय उरली, खरा गेम तर ‘तो हे का म्हणाला असेल’ यावर भांडण्यात आहे. कार्ड फायनल करायचं काम एकाच माणसाकडे द्या, त्याने शब्द मोठ्याने वाचायचा, सगळे हो म्हणाले की मगच दाबायचं. कॉलवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे ‘थांब थांब’ ऐकू येईपर्यंत कार्ड उघडलेलं असतं, हे फार वेळा होतं. नवीन लोक असतील तर पहिल्या गेमला टायमर लावूच नका.

कुणी उत्सुकतेपोटी स्पायमास्टरवर क्लिक केलं तर त्याला सगळे रंग दिसतात, मग त्या बोर्डवर त्याने अंदाज लावण्यात अर्थ नाही, नवीन बोर्ड घ्या. एकाच फोनवर कॉल आणि 25 कार्डं सांभाळणं अवघड जातं, जमलं तर बोर्ड मोठ्या स्क्रीनवर उघडा. आणि कुणाकडे कार्डं वेगळीच दिसत असतील तर आधी तो तुमच्याच रूमच्या लिंकवर आहे का ते बघा, असेल तर पेज रिफ्रेश करायला सांगा.