ईथर आणि सांगलीचा उन्हाळा: रिसर्च लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

लॅबमध्ये रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हातात एसडीएसची (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे प्रत्येक रसायनाच्या धोक्यांचं माहितीपत्रक) फाइल पडते. सह्या होतात आणि फाइल कपाटात जाते. ती वाचायची असेल तर १६ विभागांपैकी आधी ९ वा वाचा (उत्कलनबिंदू, आणि फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते), मग १० वा (कशाशी जमत नाही), मग ४ था (अंगावर उडालं तर काय). आणि वाचताना एक नजर भिंतीवरच्या थर्मामीटरकडे असू द्या. कागदावरचं 'रूम टेंपरेचर' २०-२५ अंशांचं असतं. सांगलीत एप्रिलच्या दुपारी एसी नसलेली खोली त्याच्या कितीतरी वर जाते.

डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतो. म्हणजे दुपारी तीनला त्याची बाटली उघडणं हे कुकरची शिट्टी काढण्यासारखंच. बाटली आधी बर्फात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या, पंखा लावलेल्या कपाटात) झाकण हळूहळू सैल करा. २५ टक्के अमोनियाच्या बाटलीलाही हेच लागू. थंड राहावा म्हणून ईथर घरगुती फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. त्याचा फ्लॅश पॉइंट उणे ४५ आहे, त्यामुळे फ्रिजमध्येही त्याची वाफ पेटू शकते आणि थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, तीन ते सहा महिन्यांनी पेरॉक्साइडची (उघड्या ईथरमध्ये हळूहळू तयार होणाऱ्या स्फोटक पदार्थाची) चाचणी करा. झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर बाटली हलवूसुद्धा नका, गाइडला बोलवा.

रिफ्लक्सची (द्रव उकळत ठेवून त्याची वाफ कंडेन्सरच्या थंड नळीत परत द्रव करण्याची) गंमत वेगळीच. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात तापलेलं येतं, मग कंडेन्सर नावालाच उरतो. चिलर नसेल तर बादलीत बर्फाचं पाणी आणि कूलरचा छोटा पंप चालतो, पण त्याचा प्लग हूडपासून लांब हवा. खरा घोळ लाइट गेल्यावर होतो. पंप थांबतो, हूडचा पंखा थांबतो, ऑइल बाथ (फ्लास्कखालचं गरम तेलाचं भांडं) मात्र अर्धा तास गरमच राहतो. म्हणून बाथ कायम लॅब जॅकवर (खाली-वर होणाऱ्या स्टँडवर) ठेवा. लाइट गेली की जॅक खाली, सॅश (हूडची सरकती काच) पूर्ण बंद, हॉटप्लेटचं बटण बंद. बटण तसंच राहिलं तर लाइट आल्यावर जुनी हॉटप्लेट आपोआप तापू लागते, आणि तोवर तुम्ही कँटीनमध्ये असता. जनरेटरवर नेमकं काय चालतं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या; बहुतेक ठिकाणी हूड त्यात नसतो. हूड ओढतोय का, हे टिश्यू पेपरची पट्टी सॅशखाली धरली की लगेच कळतं. काम कडेपासून वीतभर आत करा.

हातमोज्यांवर फार भिस्त ठेवू नका. पातळ नायट्राइलमधून डायक्लोरोमिथेन मिनिट-दोन मिनिटांत आत येतं. उडालं की लगेच बदला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्स मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंबच पडले होते. १९९७ मध्ये त्याच विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. एप्रन सुती हवा, ओढणी आत खोचलेली, पायात बूट. चप्पल नाही, कितीही उकडत असलं तरी.

वेस्टच्या बाटल्यांमध्ये नायट्रिक आम्ल सगळ्यात दगाबाज. ॲसिटोनने धुतलेल्या बाटलीत ते ओतलं, झाकण घट्ट लावलं, की वायू साठत राहतो आणि बाटली फुटते, बऱ्याचदा रात्री, खोलीत कुणी नसताना. नायट्रिकची बाटली वेगळी, नावाची, वायू बाहेर पडू देणाऱ्या झाकणाची, आणि पाऊणच्या वर न भरलेली.

लॅब तळमजल्यावर असेल तर सोडियम कुठल्या कप्प्यात आहे ते पाहा, कारण पाणी लागलं की तो पेटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. आम्लं खालच्या कप्प्यात ट्रेमध्ये ठेवतात ते बरोबर, पण सोडियम आणि कॅल्शियम हायड्राइड वरच्या, कुलूपबंद कपाटात हवेत. पावसाळ्यापूर्वी नको असलेला साठा कमी करा.

डोळ्यात काही उडालं तर १५ मिनिटं धुवायचं. आयवॉशचा नळ दर आठवड्याला, तोही भर दुपारी, चालवून बघा. पाइपात साचलेलं पाणी इतकं तापलेलं असतं की त्याखाली कुणी १५ सेकंदही डोळा धरणार नाही.