क्रूझवर जाताय? निदान या चुका तरी टाळा

मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवर आम्ही उभयता आजवर तीनदा जाऊन आलो. तेव्हापासून नात्यागोत्यातले आणि सोसायटीतले लोक आधी पैसे भरतात आणि मग मला फोन करतात. प्रश्न तेच असतात, चुकाही त्याच असतात. आणि त्यांतल्या निम्म्या आम्ही स्वतः करून बसलो असल्यामुळे त्यांवर लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आपल्याला बोट लागणार नाही, असे गृहीत धरणे. आमच्या ह्यांचा जन्म विजयदुर्गचा. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाण्याच्या गोष्टी ते आजही रंगवून सांगतात. त्यामुळे पहिल्या सफरीत मी पर्समधून गोळी काढली, तेव्हा "कोकणातल्या माणसाला कसली बोट लागते?" एवढेच उत्तर मिळाले. त्यात आम्ही केबिन घेतली होती ती वरच्या मजल्यावरची आणि थेट नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, कारण तिथून समुद्र छान दिसेल असे ह्यांचे म्हणणे होते. बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी जहाज सुटले, कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्ज दीपगृह मागे पडले, ह्यांनी डेकवर उभे राहून दोन बश्या भजी खाल्ली. मे महिना संपत आलेला होता आणि पावसाळ्याआधीचा समुद्र फुगू लागला होता. रात्री अकराच्या सुमारास कपाटातले रिकामे हँगर एका लयीत टकटक वाजू लागले; टेबलावरच्या पेल्यातले पाणी सावकाश एका काठाला चढे आणि तितक्याच सावकाश दुसऱ्या काठाकडे जाई. मी ते बघत होते तोवर हे न्हाणीघरात शिरलेही होते. पहाटे कोकणातल्या माणसाने मुकाट्याने गोळी मागितली, पण तोवर ती पोटात टिकण्याची वेळ निघून गेली होती. मी मात्र सकाळी एकटीने पोटभर इडली खाल्ली आणि डेकवर पाय पसरून सूर्य वर येताना पाहिला. सफर कशी झाली, या प्रश्नाला आमच्या घरात आजही दोन उत्तरे मिळतात.

बोट लागते ती कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेमुळे. शरीर हलते आहे असे कान सांगतो आणि समोरची भिंत स्थिर आहे असे डोळे सांगतात. या भांडणात पोट बळी जाते. म्हणूनच केबिनमध्ये पडून मोबाइल पाहण्यापेक्षा उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहिल्याने बरे वाटते. जहाज लाटेवर सी-सॉसारखे वरखाली होते, त्यामुळे मधला भाग सर्वांत कमी हलतो, आणि जितके उंच जावे तितके डोलणे वाढते. तेव्हापासून मी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरचीच केबिन घेते. तिला बाल्कनी नसली तरी चालते. गोळी कोणती घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवते आणि जहाज सुटण्याआधी तासभर घेते. तिने झोप येते, ती येऊ द्यावी. आल्याचा तुकडाही माझ्याजवळ असतो, पण गोळीऐवजी नव्हे. "उलटी झाली तर बघू" म्हणणाऱ्यांना सल्ला देणे मी आता सोडून दिले आहे. आणि कोकण किनारा दिसावा म्हणून जादा पैसे भरून डावीकडची खोली मागणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की किनारा बहुतेक अंधारात मागे पडतो. दक्षिणेकडे जाताना सूर्यास्त दिसतो तो उजव्या हाताला.

दुसरी चूक लक्षद्वीपबाबतची. तिथली बेटे प्रवाळांची असून भोवतीच्या खाजणात पाणी उथळ असते, त्यामुळे एवढे मोठे जहाज काठाला लागूच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र उसळला की होडीत पाऊल टाकणेच धोक्याचे होते आणि कप्तान उतरणे रद्द करतो. तो अधिकार त्याला असतो, हे तिकिटाच्या अटींत लिहिलेलेही असते, पण त्या अटी वाचतो कोण? दुसऱ्या सफरीत सकाळी तशी घोषणा झाली, तेव्हा समोर फिक्या हिरव्या पाण्याची पट्टी आणि तिच्यामागे माडांची रांग स्पष्ट दिसत होती. स्वागतकक्षापाशी लोक कर्मचाऱ्यांवर ओरडत होते. खरे सांगायचे तर त्यांत मीही होते. या वेळी गोळी घेऊन ठणठणीत असलेल्या ह्यांनी मला हाताला धरून चहाला नेले. आता मी जहाजावरच्या दिवसांचेच पैसे भरले असे धरते, बेट मिळाले तर वरकड. परतीच्या दिवशी संध्याकाळची गाडी किंवा विमान तर मी कधीच ठेवत नाही. एक रात्र मुंबईत काढते.

जाहिरातीतला दर माणशी असतो, तोही एका खोलीत दोघे राहतील असे धरून, आणि त्यावर बंदर शुल्क, कर व सेवाशुल्क निराळे पडते. ओळखपत्र मूळ न्यावे. जहाज सुटताच मोबाइल विमान मोडवर टाकावा, नाहीतर समुद्रावरच्या महागड्या नेटवर्कचे बिल येते. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि खोलीत उशिरा पोहोचवतात, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात.

सुरुवातीच्या आपत्कालीन कवायतीला दांडी मारून बुफेच्या रांगेत उभे राहणाऱ्यांचा मला राग येतो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ जण दगावले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, हे ज्यांच्या आजीने सांगितले आहे त्यांना तरी ही पंधरावीस मिनिटे जड वाटू नयेत.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. उत्साहाच्या भरात सगळेच कपडे त्यांत भरू नयेत. पहिल्या सफरीत आमच्या ह्यांनी ते केले आणि बॅलार्ड पिअरवर पायजमा आणि स्लिपरांवर उतरले.