डिपेन्डन्सी अडली की आधी आवृत्तीचं शेपूट वाचा

अप्पा बळवंत चौकातले पुस्तकविक्रेते, भोसरीतले छोटे कारखाने अशा लोकांचे सर्व्हर मी सांभाळते. बहुतेकांकडे मशीन एकच असतं. बिलिंग, साठा, डेटाबेस सगळं त्याच्यावरच. त्यामुळे नवं पॅकेज टाकताना 'अनमेट डिपेन्डन्सीज' (म्हणजे त्याला लागणारी दुसरी पॅकेजेस जुळत नाहीत) आलं की माझा हात आधी कीबोर्डवरून बाजूला होतो. फोर्सवाली कमांड मारून पॅकेज बसतं, हे खरं आहे. पण पुढच्या वेळी सुरक्षा अपडेट घ्यायला गेलात की पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम अ‍ॅप्ट अडून बसतो, आणि 'फिक्स-ब्रोकन' चालवलं की जबरदस्तीनं बसवलेलं तेच पॅकेज काढायला निघतो. म्हणून आधी वाचायचं, मग हात लावायचा.

काय वाचायचं ते एका उदाहरणावरून सांगते. २०२४ चा जून, शाळा सुरू होण्याच्या तोंडावरची पाठ्यपुस्तकांची गर्दी. दुकानाच्या सर्व्हरवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स. बिलिंगचा पायथन प्रोग्रॅम नव्यानं बसवताना त्याला पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं सायकोपीजी२ बिल्ड होईना, कारण त्यासाठी लागणारं पीजी-कॉन्फिग हे साधन मशीनवर नव्हतं. ते लिबपीक्यू-डेव्ह या पॅकेजमधून येतं. ते टाकायला गेल्यावर अ‍ॅप्टचं म्हणणं असं: लिबपीक्यू-डेव्हला लिबपीक्यू५ ची (पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी) १४ वी आवृत्ती नेमकी हवी, पण बसणार आहे १६ वी. आणि खाली नेहमीची ओळ, 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस'.

या शेवटच्या ओळीनं पुष्कळ जण भरकटतात. 'अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड' चालवून पाहा. बहुतेक वेळा यादी रिकामी येते, म्हणजे कुणी काहीच धरून ठेवलेलं नसतं. खरी माहिती त्या ओळीच्या वर, 'डिपेन्ड्स' शब्दापुढे असते. तिथलं चिन्ह बघा. बरोबरचं चिन्ह असेल तर तीच आवृत्ती हवी, 'पेक्षा मोठी किंवा तेवढीच' असं असेल तर थोडी मोकळीक आहे. डेव्ह नावाची पॅकेजेस बहुधा बरोबरचं चिन्ह लावतात, कारण हेडर फाइल आणि लायब्ररी एकाच बिल्डमधल्या असाव्या लागतात.

आता 'अ‍ॅप्ट-कॅश पॉलिसी लिबपीक्यू५' चालवा. आमच्याकडे बसलेली आवृत्ती १६ ची होती आणि तिच्या शेवटी 'पीजीडीजी२०.०४' असं शेपूट होतं. मशीन २२.०४ चं आणि शेपूट २०.०४ चं! सगळा उलगडा इथेच झाला. पीजीडीजी ही पोस्टग्रेसक्यूएल प्रकल्पाची स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसचं कोठार. मशीन २०.०४ वर असताना ती जोडलेली होती. उबुंटू २२.०४ वर नेताना अपग्रेड करणारा प्रोग्रॅम बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करून ठेवतो. पॅकेज जुन्या घरातलं राहिलं, घराचा पत्ता मात्र पुसला गेला. २२.०४ ची स्वतःची पोस्टग्रेस १४ ची, म्हणून लिबपीक्यू-डेव्ह १४ चं मिळत होतं.

पॉलिसीच्या तक्त्यातले आकडेही बघून घ्या. नुसत्या मशीनवर असलेल्या आवृत्तीला १००, रिपॉझिटरीतल्या आवृत्तीला ५००. मग ५०० वाली १४ का बसत नाही? कारण बसलेल्यापेक्षा खालची आवृत्ती अ‍ॅप्ट आपणहून घेत नाही. त्यासाठी आकडा किमान १००० लागतो.

इथून वाटा दोन. एक, लिबपीक्यू५ खाली १४ वर आणायचं. दुसरी, बंद पडलेली रिपॉझिटरी २२.०४ च्या नावानं परत चालू करायची. कुठली घ्यायची हे अंदाजानं ठरवू नका. 'अ‍ॅप्ट-गेट -एस इन्स्टॉल' म्हणून रंगीत तालीम करा. '-एस' असेल तर मशीनवर काहीही बदलत नाही. छापून येणाऱ्या ओळींत 'इन्स्ट' म्हणजे बसणार, 'रेम्व्ह' म्हणजे जाणार. मी 'रेम्व्ह'च्या ओळी एकेक करून वाचते. पहिल्या वाटेच्या तालमीत पोस्टग्रेसक्यूएल-क्लायंट-१६ जाणार होतं आणि त्याच्यामागोमाग पोस्टग्रेसक्यूएल-१६, म्हणजे चालता डेटाबेस सर्व्हर. दुकानाचे मालक शेजारी उभे राहून विचारत होते, "ताई, काउंटर बंद नाही ना पडणार?" पहिली वाट तिथेच सोडली.

दुसऱ्या वाटेसाठी एटीसी-अ‍ॅप्टच्या सोर्सेस-लिस्ट-डी फोल्डरमधली पीजीडीजीची फाइल उघडा. ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) असेल तर काढा, आणि नाव फोकलचं (२०.०४ चं टोपणनाव) असेल तर जॅमी-पीजीडीजी (जॅमी म्हणजे २२.०४) करा. फाइलच नसेल तर पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन पॅकेजमध्ये रिपॉझिटरी जोडून देणारी स्क्रिप्ट असते, ती चालवा. मग अपडेट, परत तालीम. या वेळी लिबपीक्यू५ आणि लिबपीक्यू-डेव्ह दोन्ही 'पीजीडीजी२२.०४' शेपटाची दिसली आणि 'रेम्व्ह' एकही नव्हती. तेव्हाच खरी कमांड द्यायची.

देण्याआधी पीजी-डम्पऑलनं सगळ्या डेटाबेसची प्रत काढून ती फाइल दुसऱ्या मशीनवर न्या, एटीसी-अ‍ॅप्ट फोल्डरची प्रत ठेवा, व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट घ्या. या अपडेटमध्ये डेटाबेस रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून दुकान उघडण्याआधीची वेळ गाठा.

एक सोपी वाट तुम्ही सुचवाल: सायकोपीजी२-बायनरी घ्या, त्यात लिबपीक्यू आतच येतं. अडल्या वेळी ठीक आहे. पण मग त्या आतल्या लायब्ररीचे सुरक्षा अपडेट अ‍ॅप्टकडून मिळत नाहीत, म्हणून कायमच्या सर्व्हरवर मी ती ठेवत नाही.

पायथनची पॅकेजेस सिस्टिमच्या पायथनमध्ये ओतू नका, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं व्हेन्व्ह (पायथनचा स्वतंत्र कप्पा) द्या. उबुंटू २४.०४ वर तर पायथनची पॅकेजेस बसवणारा पिप स्वतःच 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून नकार देतो. 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लिहून तो नकार मोडू नका, कारण सिस्टिमची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. व्हेन्व्हमध्ये भांडण लागलं तर 'पिप चेक' कुणाला काय हवंय ते सांगतो.

लिबसी६ चं (मूळ सी लायब्ररीचं) भांडण असेल तर मात्र थांबा. दुसऱ्या उबुंटूची डेब फाइल आणून ते बदलायचं नाही. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्यावर उभा आहे. तेवढं नवं काही हवं असेल तर कंटेनर करा किंवा अपग्रेडचा दिवस ठरवा.

उबुंटूऐवजी रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर डीएनएफमध्ये (तिथला पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) 'अलाउ-इरेझिंग' देताना हीच सावधगिरी: काय काढणार आहे ती यादी वाचूनच 'होय' म्हणा. तिथे 'डीएनएफ हिस्ट्री अनडू' आहे, पण जुनी पॅकेजेस रिपॉझिटरीत शिल्लक असतील तरच ते चालतं.

काम झालं की 'डीपीकेजी --ऑडिट' आणि 'अ‍ॅप्ट-गेट चेक' चालवा. तक्रार यायला नको. मग 'अ‍ॅप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड' मधून 'लोकल' शिक्का असलेली नावं काढा. कुठल्याच चालू रिपॉझिटरीत नसलेल्या आवृत्त्या या यादीत येतात. आमच्या दुकानात त्या दिवशी अजून दोन-चार पॅकेजेस २०.०४ च्या शेपटाची निघाली. गर्दी ओसरल्यावर, जुलैत, तीही सरळ केली.